नाव रेकॉर्डवर आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस गेला तेव्हा अख्खा देश रस्त्यावर उतरला. आपल्याकडे कोठडीत माणूस मरतो, दोन दिवस बातमी चालते, संपतं. पण आपले पोलीस तर सगळ्यांनाच मारतात, इथे गोरं-काळं काही नाही. मग याला तिकडच्यासारखा व्यवस्थेतला भेदभाव म्हणायचं का? आणि पोलीस सुधारणांचं घोडं अडलंय कुठे?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात मी २६ वर्षं फौजदारी वकिली करते. माझे निम्मे पक्षकार पारधी, कैकाडी, वडार. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

'सगळ्यांनाच मारतात' हे खरं नाही. तुमच्या सोसायटीत घरफोडी झाली तर डीबी पथक (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) तुमच्या मुलाला रात्री दोन वाजता उचलून नेणार नाही. नेलंच तर सकाळी नगरसेवकाचा फोन जाईल, आठ वाजता वकील दारात उभा असेल. ठाण्यातल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो: याच्या मागे कोण येणार? ज्याच्या मागे कोणीच येणार नाही, त्याच्यावर 'बाजीराव' निघतो. (पट्ट्याला आपल्याकडे बाजीराव म्हणतात, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना सांगायला नको.) आणि कोणाच्या मागे कोणी येत नाही, हे आपल्या समाजात बहुतेक वेळा जन्मतःच ठरलेलं असतं.

आता हा मार येतो कुठून ते बघा. लोकांना वाटतं पोलीस चिडतात, ताण असतो, म्हणून हात उचलतात. तसंही होतं. पण मी पाहिलेला बहुतेक मार थंड डोक्याचा, कामाचा भाग म्हणून दिलेला होता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं होतं. पण त्याच कायद्यात एक खिडकी ठेवली, जुनं कलम २७, आता नव्या साक्ष्य कायद्यात कलम २३ चं परंतुक: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणजे तपासाचा सगळा जीव 'रिकव्हरी'त. दोन पंच बसवायचे, 'मी लपवलेली जागा दाखवतो' असा मेमोरँडम लिहायचा आणि निघायचं. दागिने सापडले तर उत्तम. नाही सापडले तर गावातल्या सराफाला बोलावून 'तू चोरीचा माल घेतलास' असं म्हणायचं. तो बिचारा गुन्ह्यात अडकण्यापेक्षा दोन तोळे वितळवलेलं सोनं काढून देतो. मुद्देमाल जप्त, गुन्हा उघड. महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये साहेब आकडा विचारतात, तो आकडा असा तयार होतो. या साखळीत ज्याला मारायचं तो माणूस खरा चोर असायलाच हवा, अशी अट कुठेच नाही. तो फक्त पटण्यासारखा चोर असावा लागतो.

पटण्यासारखा चोर कोण, याची यादी १८७१ साली सुरू झाली. क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट. आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून नोंदवायची, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणात लोकांना ठेवलं. त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि ठाण्यातलं जुनं रजिस्टर नव्या पुठ्ठ्यात गेलं. आता शब्द बदललेत: 'सराईत', 'रेकॉर्डवरचा', 'टोळी'. जिल्हा पुरवणी उघडा. 'पारधी टोळी जेरबंद' असा मथळा तुम्ही किती वेळा वाचलाय? आणि 'मराठा टोळी' किंवा 'ब्राह्मण टोळी जेरबंद' असा? गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या माळावर जाते, हे पोलीसपाटलापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल आपण वाचतो, की गाडी चालवत असतानाच त्यांना जास्त थांबवलं जातं. आमच्या माणसाकडे गाडी नसते, म्हणून त्याला पालातून उचलतात. फरक तेवढाच.

यावर हमखास येणारा युक्तिवाद: 'पोलिसांत तर सगळ्या जातींची माणसं आहेत, आरक्षण आहे.' आहेत ना. माझ्या एका पक्षकाराला सगळ्यात जास्त मारलं तो हवालदार स्वतः दलित होता. बारा-बारा तास ड्युटी, घरी मुलीचं लग्न, वर साहेबाचा दट्ट्या. तो जातीयवादी होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात जी यादी दिली होती ती त्याने तयार केलेली नव्हती. व्यवस्थेतला भेदभाव म्हणतात तो हाच. मारणाऱ्याच्या मनात द्वेष नसला तरी मार ठरलेल्या पाठीवरच पडतो.

एवढं सांगून पटत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा एक निकाल आहे, तो वाचाच. २००३ साली नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. खून, बलात्कार, अंगावर काटा येईल असा प्रकार. वाचलेल्या एका जखमी बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखून दाखवली होती. त्या चौघांचं पुढे काहीच झालं नाही. पकडले गेले भलतेच सहा जण, भटक्या जमातीतले मजूर. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली. सहाच्या सहांना फाशीची शिक्षा. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा असं सांगितलं. १६ वर्षं आत गेली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे लोक भटके, गरीब मजूर होते आणि म्हणून त्यांना गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाची नोंद न्यायालयाने केली. शिकाऊ वकील आले की मी त्यांना पहिल्या आठवड्यात हा निकाल वाचायला देते. नोटीस ड्राफ्ट करणं नंतर शिकता येतं.

आता न्यायालयाच्या आत येऊ. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला फ्लॉइडच्या बाबतीत जे घडलं ते भर रस्त्यात, दिवसाउजेडी. १७ वर्षांच्या एका मुलीने ते मोबाइलवर टिपलं. गुडघा मानेवर ९ मिनिटांहून जास्त वेळ होता, हे जगाने मोजलं. आपल्याकडचा मार बंद खोलीत होतो आणि त्याचा पहिला, बऱ्याचदा एकमेव साक्षीदार असतो रिमांड कोर्ट, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरवणारं न्यायालय. तिथे काय होतं?

माझ्या एका पक्षकाराची गोष्ट. १९ वर्षांचा पारधी मुलगा, वीटभट्टीवर कामाला. मंगळवारी रात्री उचलला. आईचा फोन आला: 'ताई, पोराला नेलं, गाडी पांढरी होती, चौघं साध्या कपड्यातले.' अटक दाखवली गुरुवारी संध्याकाळी. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं असतं ना, ते २४ तास कागदावर गुरुवारी सुरू झाले. मधल्या दोन दिवसांत तो कुठे होता? स्टेशन डायरीप्रमाणे कुठेच नव्हता. शुक्रवारी कोर्टात आणला. सोबत मेडिकल: 'ताज्या बाह्य जखमा नाहीत.' दंडाधिकारी साहेबांनी विचारलं, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' मुलाने डावीकडे पाहिलं. डावीकडे तोच हवालदार उभा होता, ज्याच्यासोबत त्याला परत जायचं होतं. 'नाही साहेब.'

पण तो उभा राहिला होता टाचांच्या कडांवर. एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकले, आरोपीचं तोंड बघायच्या आधी पाय बघायचे. मी म्हटलं, 'साहेब, त्याला चप्पल काढायला सांगा.' साहेबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. बोर्डावर त्या दिवशी साठेक प्रकरणं होती, ते नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी चप्पल काढायला सांगितली. तळपाय जांभळे होते, एका ठिकाणी पिवळट, म्हणजे मार ताजा नव्हता. अटकेच्या आधीचा. साहेबांनी पोलीस कोठडी नाकारली, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवलं, आणि दुसरा रिपोर्ट पहिल्याच्या अगदी उलट आला. पहिला लिहिणाऱ्या डॉक्टरने मुलाला गाडीतून खालीसुद्धा उतरवलं नव्हतं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे 'त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार केली नव्हती' हे वाक्य तुम्ही टीव्हीवर ऐकलंय. परभणी, डिसेंबर २०२४. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, मग धरपकड. त्यात वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला आजार होता. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमा आणि त्यातून शॉक असं आलं. दंडाधिकारीय चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात यावं लागलं. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं, ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तिथेही नकार दिला. कोण दोषी हे खटल्यात ठरेल. मी फक्त एवढं बघते, की नुसता एफआयआर होण्यासाठी साडेसात महिने लागले, आणि तेही ज्या प्रकरणाकडे अख्ख्या राज्याचं लक्ष होतं त्यात.

बाकीच्यांचं काय होतं, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत दिसतं: २००१ ते २०२० या २० वर्षांत देशात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू आणि शिक्षा झालेले पोलीस २६. हे फक्त मृत्यू. जे जिवंत बाहेर आले त्यांची मोजदाद कोणीच करत नाही.

सुधारणा. कायदा कमी नाही, हे आधी समजून घ्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर नव्हती असंच धरायचं. म्हणजे चळवळीने कायदा हलतो, आणि तो महाराष्ट्रातल्या एका मुलीसाठी हललाय. असाच नियम मारहाणीसाठीही करा, कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनी केली असं गृहीत धरा, उलट सिद्ध करायचं ते त्यांनी करावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये केली. ती आजतागायत फाइलमध्ये आहे. माझ्या मते पोलीस सुधारणांमधली सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन. बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं आहे.

१९९६ चा डी. के. बसू निकाल: अटकेचा मेमो, त्यावर नातेवाइकाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २००६ चा प्रकाश सिंग निकाल: सात निर्देश, त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात, सुनावणी होते, अहवाल सरकारकडे जातो आणि शेवटचा शब्द सरकारचा. तिकडे अर्ज करा, मीही करते, पण त्यावर विसंबून राहू नका. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत विरलं. अमेरिकेतही फ्लॉइडच्या नावाचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं, तेव्हा आपण एकटेच नाही. पण तिथे गुडघा ठेवणाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा तेरा महिन्यांत झाली, हाही फरक आहेच.

ज्या दोन कुलपांबद्दल कोणी बोलत नाही ती सांगते. एक, सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २१८ मध्ये, १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. ही सुधारणा चांगली आहे, वापरा. दुसरं आपल्या राज्याचं: महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१. पोलिसाने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल, सरकारच्या पूर्वपरवानगीचा अपवाद सोडला तर, सहा महिन्यांत खटला दाखल व्हायला हवा. कोठडीत मारणं हे काम नव्हेच असा युक्तिवाद आम्ही करतो, न्यायालयं तो मानतातही, पण पोलिसांचा वकील हा मुद्दा उपसणारच. म्हणून 'जरा वातावरण निवळू द्या, मग बघू' असं सांगणाऱ्या पुढाऱ्याचं ऐकू नका. वातावरण निवळतं आणि मुदतही जाते.

नव्या संहितेत एक बाब मला भीतीदायक वाटते. पूर्वी १५ दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या पंधरवड्यातच मिळायची. आता ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. मार खाऊन न्यायालयीन कोठडीत गेलेला मुलगा 'आता सुटलो' म्हणायचा. आता त्याला माहीत असतं, की पुन्हा नेऊ शकतात. तो तक्रार कशाला करील?

कोणाला उचललं तर काय करायचं, हे बरेच जण खासगीत विचारतात, म्हणून इथेच. सगळा खेळ अटक दाखवायच्या आधीच्या तासांचा आहे. माणूस त्या वेळी त्यांच्या ताब्यात होता हे नंतर सिद्ध करता आलं पाहिजे. आम्ही पूर्वी तार करायचो, एसपींना एक, दंडाधिकाऱ्यांना एक. पोस्टाच्या शिक्क्यावर वेळ यायची आणि ती वेळ पुढे उलटतपासणीत पोलिसांच्या घशात अडकायची. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा लोकांनी आठवणी काढल्या, आम्ही कपाळाला हात लावला. आता ११२ वर फोन करा, त्याची नोंद राहते. एसपी कार्यालयाला ईमेल करा, रात्री एक वाजता असला तरी. उलट रात्री एकचाच जास्त कामाचा. गाडीचा नंबर, किती जण, कोणत्या रस्त्याने गेले. वर सांगितलेल्या मुलाच्या बाबतीत माझा मंगळवार रात्रीचा ईमेलच कामी आला. अटक दाखवलीच नाही तर बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी दंडाधिकाऱ्यांकडून वॉरंट मागता येतं, संहितेचं कलम १००. हेबियस कॉर्पसच्या (डांबलेल्या माणसाला हजर करा अशा उच्च न्यायालयातल्या याचिकेच्या) आधी हे करून बघा, तालुक्यात होतं.

दुसरं, सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की ठाण्याच्या आत-बाहेर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि साठवण शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष. माझ्या अनुभवात हवा त्या रात्रीचा कॅमेरा नेमका नादुरुस्त असतो. तरीही पहिल्या रिमांडलाच 'फुटेज जतन करा' असा लेखी अर्ज द्या. नादुरुस्त होता हे त्यांना लेखी सांगावं लागलं, की तोही पुरावाच.

तिसरं, अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची प्रत आरोपीला मिळायला हवी, कलम ५३. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, फोन १५१००. आणि घरातल्या बाईला 'नवरा सापडेपर्यंत' ठाण्यात बसवून ठेवलं तर ती अटकच आहे; सूर्यास्तानंतर तर अपवाद सोडता बाईला अटक करताच येत नाही.

अॅट्रॉसिटी कायद्याचं विचारतात. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना तो लागतो. वडारांना नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि आमच्याकडे विमुक्त जातीत, म्हणजे तोच माणूस तोच पट्टा यवतमाळला खाईल तर अॅट्रॉसिटी, बीडला खाईल तर साधी मारहाण. यावर काय बोलायचं?

तो वीटभट्टीवरचा मुलगा चार वर्षांनी निर्दोष सुटला. पंच फितूर झाले, सराफाने सोनं आपलंच होतं असं सांगितलं. हवालदाराची खातेनिहाय चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली. मुलाने लग्न केलं, भट्टी सोडून टेम्पोवर जाऊ लागला. मागच्या वर्षी शेजारच्या गावात मोटारी चोरीला गेल्या, विहिरीवरच्या. रात्री गाडी आली ती त्याच्या दारात. आईने या वेळी मला आधी फोन केला आणि मग दार उघडलं, त्यामुळे नेलं नाही, पण 'नाव रेकॉर्डवर आहे, यावंच लागतं' असं ते सांगून गेले.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटबाबत (ठाण्यात सराईतांची ठेवलेली नोंद), आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात, स्पष्ट सांगितलंय, की केवळ जमातीवरून कोणाला सराईत धरू नका, विमुक्तांना मनमानी अटक करू नका. या दोन्ही निकालांच्या प्रती जोडून मी त्याचं नाव यादीतून काढायचा अर्ज दिला. सोबत निर्दोष सुटल्याच्या निकालाची सही-शिक्क्याची प्रत. ठाण्याने तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवला, त्यांनी 'अभिप्रायासाठी' परत ठाण्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी विचारायला जाते. ठाणे अंमलदार चहा विचारतात.